आकड्यावर किती विसंबावे? अणुसुरक्षेतील संभाव्यताधारित जोखीम-मूल्यमापन

अणुभट्टी बंद करणे आणि ती थंड होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियंत्रक दांडे गाभ्यात शिरले की विखंडनाची साखळी काही सेकंदांत थांबते. पण विखंडनातून तयार झालेली किरणोत्सारी द्रव्ये उष्णता देतच राहतात. बंद झाल्याच्या क्षणी ही उष्णता पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के असते, तासाभराने दीड टक्क्याच्या आसपास येते आणि त्यानंतरही कित्येक दिवस ती सतत वाहून न्यावी लागते. ३,००० मेगावॉट उष्णता देणाऱ्या भट्टीत सुरुवातीचा हा वाटा २०० मेगावॉटच्या घरात जातो. पाणी, ते फिरवणारे पंप आणि पंपांची वीज यांपैकी एकाचाही पुरवठा दीर्घकाळ तुटला आणि पर्याय हाताशी नसला, तर गाभा वितळतो. अणुसुरक्षेचा जवळजवळ सगळा विचार या एका भौतिक वस्तुस्थितीभोवती फिरतो. अडचण अशी की असे प्रसंग फार विरळ असतात. रस्त्यावरचे अपघात दरवर्षी मोजता येतात आणि त्यांवरून धोक्याचा अंदाज बांधता येतो. अणुभट्टीच्या बाबतीत मोजण्याजोगी संख्या जमेपर्यंत थांबायचे म्हणजे तेवढे अपघात होऊ द्यायचे. म्हणून न घडलेल्या अपघाताचा हिशेब त्याच्या सुट्या घटकांवरून आधीच मांडण्याची शिस्त गेल्या साठ वर्षांत उभी राहिली. तिलाच संभाव्यताधारित जोखीम-मूल्यमापन म्हणतात. सुरक्षेचे निर्णय घेताना या शिस्तीचा आधार किती घ्यावा आणि कुठे थांबावे, हा या ग्रंथाचा विषय आहे.

त्याआधीची रीत वेगळी होती. अभियंते काही ठरावीक भीषण अपघात कल्पून घेत, त्यांत सर्वांत मोठा म्हणजे शीतकाची मुख्य नळी एकाएकी दुभंगणे, आणि भट्टी तो अपघात सोसेल अशी तिची रचना करत. कोणतेही एक उपकरण ऐनवेळी बंद पडले तरी दुसऱ्याने काम भागवावे, प्रत्येक ठिकाणी पुरेशी गुंजाईश ठेवावी, असे नियम होते. ही रीत आजही सोडलेली नाही आणि सोडूही नये. परंतु कल्पून घेतलेल्या अपघातांखेरीज इतर अपघात किती संभवतात, याचे उत्तर तिच्यापाशी नव्हते. ब्रिटनच्या रेजिनाल्ड फार्मर यांनी १९६७ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत मांडले की अपघातांची ‘संभवनीय’ आणि ‘असंभवनीय’ अशी दोनच कप्प्यांत विभागणी करणे चुकीचे आहे. जेवढा परिणाम मोठा तेवढी त्याची शक्यता कमी असली पाहिजे, अशी एक उतरती रेषा आखली पाहिजे. बिघाडाच्या कारणांचा उलट माग काढणाऱ्या दोषवृक्षाचे तंत्र त्याआधीच, १९६०च्या दशकाच्या आरंभी, अमेरिकेत मिनिटमन क्षेपणास्त्राच्या कामात बेल प्रयोगशाळेत जन्मले होते. या दोन धाग्यांची पहिली भरीव वीण १९७५ मध्ये दिसली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे नॉर्मन रासमुसेन यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील सरी आणि पीच बॉटम या दोन केंद्रांचा अभ्यास झाला आणि ‘वॉश-१४००’ या नावाने तो प्रसिद्ध झाला.

पद्धतीचा गाभा समजायला कठीण नाही. आधी प्रारंभक घटनांची यादी करायची: बाहेरची वीज जाणे, नळी फुटणे, पाणीपुरवठा थांबणे, आग, भूकंप, पूर. प्रत्येक घटनेपासून एक घटनावृक्ष निघतो. भट्टी बंद झाली की नाही, डिझेल जनित्र सुरू झाले की नाही, पंप चालला की नाही, अशा प्रत्येक टप्प्यावर त्याला यशाची आणि अपयशाची फांदी फुटते. एखादी यंत्रणा अपयशी कशामुळे ठरेल, हे दोषवृक्ष सांगतो. तो अपयशापासून उलट मागे जात एकेका झडपेपर्यंत, रिलेपर्यंत आणि माणसाच्या एकेका कृतीपर्यंत पोहोचतो. प्रत्येक टोकाला शक्यतेचा आकडा बसवला की एका वर्षात गाभ्याला हानी होण्याची एकूण शक्यता निघते. हा पहिला स्तर. वितळलेल्या गाभ्यातून किरणोत्सारी द्रव्ये बाहेर किती पडतील, हा दुसरा. आणि माणसांवर व जमिनीवर त्याचा परिणाम काय होईल, हा तिसरा. स्टॅनली कॅप्लन आणि जॉन गॅरिक यांनी १९८१ मध्ये या सगळ्याला तीन प्रश्नांत बसवले: काय बिघडू शकते, ते किती संभवते, आणि बिघडले तर काय होईल? यातला पहिला प्रश्न आकड्यांचा नाही. तो कल्पनाशक्तीचा आणि केंद्राच्या बारीक माहितीचा आहे, आणि त्याच्या उत्तरात काही सुटले तर पुढची सगळी गणिते अचूक असूनही निरुपयोगी ठरतात.

माझे म्हणणे असे आहे. या मूल्यमापनातून दोन गोष्टी हाती येतात. एक, अपघाताकडे नेणाऱ्या वाटांचा नकाशा आणि त्या वाटांचे परस्पर महत्त्व. दुसरी, शेवटची बेरीज. पहिली गोष्ट फार मोलाची आहे, दुसरी त्या मानाने कच्ची. म्हणून मूल्यमापन एखादी उणीव दाखवते तेव्हा तेवढ्यावर कृती करणे रास्त आहे. पण ते एखादी खबरदारी अनावश्यक ठरवते तेव्हा तेवढ्या पुराव्यावर ती काढून टाकणे रास्त नाही. दोन्ही दिशांना पुराव्याची कसोटी सारखी असू शकत नाही. वॉश-१४००चा इतिहास हेच सांगतो. गाभा वितळण्याची शक्यता त्याने प्रत्येक भट्टीमागे वर्षाला सुमारे २०,००० मध्ये एक इतकी काढली. त्याच्या सारांशात अणुभट्ट्यांच्या धोक्याची तुलना उल्का पडून माणसे मरण्याच्या धोक्याशी केली गेली आणि तीच तुलना गाजली. हॅरॉल्ड लुईस यांच्या समितीने १९७८ मध्ये अहवाल तपासला. पद्धत तिने उचलून धरली, पण अनिश्चितता फारच कमी दाखवली आहे असा स्पष्ट निष्कर्ष दिला. आणि जानेवारी १९७९ मध्ये अमेरिकेच्या अणु-नियामक आयोगाने त्या सारांशाला दिलेली मान्यता काढून घेतली. आकडा डागाळला आणि त्याच्याबरोबर नकाशाही बाजूला पडला. त्या नकाशात मात्र एक गोष्ट ठळक होती: प्रचंड नळी दुभंगण्यापेक्षा लहान गळती, नेहमीचे छोटे बिघाड आणि त्यांत भर घालणाऱ्या मानवी चुका हाच खरा धोका आहे. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड केंद्रात नेमके हेच घडले. पाणीपुरवठा थांबला, दाब कमी करणारी झडप उघडली आणि उघडीच राहिली. नियंत्रण कक्षातला दिवा झडपेची खरी स्थिती दाखवत नव्हता, फक्त तिला दिलेली आज्ञा दाखवत होता. भट्टीत पाणी पुरेसे आहे असे समजून कर्मचाऱ्यांनी आपत्कालीन पाणी कमी केले आणि जवळपास निम्मा गाभा वितळला.

शेवटची बेरीज कच्ची का राहते, याचे सर्वांत मोठे कारण गुणाकारात आहे. एक डिझेल जनित्र गरजेच्या वेळी सुरू न होण्याची शक्यता शंभरात एक मानली, तर दोन्ही जनित्रे एकदम न चालण्याची शक्यता दहा हजारांत एक निघते. पण ती दोन्ही एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र असली तरच. दोघांच्या केबल एकाच खोलीतून जात असतील, तर तो गुणाकार खोटा ठरतो. मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतील ब्राउन्स फेरी केंद्रात हवेची गळती मेणबत्तीने तपासताना फोमने पेट घेतला, सुमारे १,६०० केबल जळाल्या आणि एका भट्टीची आपत्कालीन शीतन-यंत्रणा निकामी झाली. कागदावर वेगळ्या असलेल्या यंत्रणा आगीने एका झटक्यात एकत्र बांधल्या. भारतात ३१ मार्च १९९३च्या पहाटे नरोऱ्याच्या अणुवीज केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, जनित्रातील हायड्रोजन पेटला आणि आग केबलांवरून पसरत गेली. मुख्य आणि पर्यायी विजेच्या केबल पुरेशा वेगळ्या नसल्याने केंद्र सुमारे १७ तास विजेविना राहिले. नियंत्रण कक्षात धूर भरला. कर्मचाऱ्यांनी अग्निशमनाच्या डिझेल पंपांनी बाष्पजनित्रांत पाणी सोडले आणि अंधारात वर चढून भट्टीत बोरॉनयुक्त द्रावण हाताने सोडले. किरणोत्सार बाहेर पडला नाही. थ्री माइल आयलंडला माणसांच्या कृतीने अपघात वाढला, नरोऱ्याला माणसांच्या कृतीने तो आवरला. सामाईक कारणाने होणारे बिघाड आणि माणसांच्या कृती, या दोन्हींना आकडा देणे अत्यंत अवघड आहे. आणि नेमक्या या दोन्हींवर बेरीज अवलंबून असते.

तरीही नकाशाचा उपयोग किती होतो, हे पुढच्या वर्षांनी दाखवून दिले. एकामागून एक मूल्यमापनांत असे दिसू लागले की बाहेरची वीज आणि केंद्रातली आपत्कालीन वीज एकदम जाणे ही अनेक केंद्रांत धोक्याची मोठी वाट आहे. त्यावरून अमेरिकेने १९८८ मध्ये स्वतंत्र नियम केला: प्रत्येक केंद्राने ठरावीक काळ पूर्ण वीजअभावात तग धरला पाहिजे. १९९० मध्ये आलेल्या पाच केंद्रांच्या अभ्यासाने लुईस समितीची टीका मनावर घेऊन अनिश्चिततेचे पट्टे उघड मांडले. उणीव दाखवणारा निकाल कसा उपयोगी पडतो, याचे उदाहरण नेब्रास्कातील फोर्ट कॅल्हून केंद्राचे आहे. तिथली पुराविरुद्धची तयारी अपुरी आहे, असे नियामकाने २०१० मध्ये ठरवले आणि तिचे महत्त्व जोखमीच्या मोजपट्टीवर जोखून केंद्राला ‘पिवळा’ शेरा दिला. केंद्र चालवणाऱ्यांनी तो मान्य केला नव्हता. नियामकाने आग्रह सोडला नाही आणि तयारी सुधारून घेतली. जून २०११ मध्ये मिसूरी नदीच्या पुराने केंद्राला वेढा घातला, तेव्हा तीच तयारी कामी आली. पुराची शक्यता काढण्यात थोडीफार चूक झाली असती, तरी हा निर्णय बरोबरच ठरला असता. उणीव दूर करण्याच्या दिशेने घेतलेला निर्णय आकड्यातली चूक पचवू शकतो.

दुसऱ्या दिशेचे उदाहरण ओहायोतील डेव्हिस-बेसी केंद्राचे आहे. भट्टीच्या झाकणातून जाणाऱ्या नळकांड्यांना तडे गेल्याचे इतर केंद्रांत आढळल्यावर नियामक २००१च्या अखेरीस केंद्र बंद करून तपासणीचा आदेश काढण्याच्या बेतात होते. काही आठवडे थांबल्याने जोखीम फारशी वाढत नाही, असा हिशेब मांडला गेला आणि १६ फेब्रुवारी २००२ पर्यंत मुदत मिळाली. तपासणीत जे सापडले ते हिशेबात नव्हतेच. गळलेल्या बोरिक आम्लाने झाकणाचे सुमारे १५ सेंटिमीटर जाडीचे पोलाद एका ठिकाणी आरपार खाल्ले होते आणि आतल्या गंजरोधक पोलादाचा जेमतेम एक सेंटिमीटरचा थर भट्टीचा प्रचंड दाब तोलून धरत होता. तडे जाण्याची शक्यता मोजली गेली. पोलाद झिजण्याची वाट नकाशावर नव्हती. सवलत देणारा निर्णय नकाशा पूर्ण आहे असे गृहीत धरतो, आणि नकाशा पूर्ण आहे हे सिद्ध करण्याची सोय या पद्धतीत नाही. माझ्या मताचा मुख्य आधार हाच आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की मग आकडेच टाकून द्यावेत, कारण अनुभवानेच ते खोटे पाडले आहेत. मार्च २०११ पर्यंत जगात सुमारे १४,५०० भट्टी-वर्षांचा अनुभव जमा झाला होता आणि तोवर मोठ्या व्यावसायिक भट्ट्यांतले पाच गाभे वितळले किंवा उद्ध्वस्त झाले: थ्री माइल आयलंडचा एक, चेर्नोबिलचा एक आणि फुकुशिमाचे तीन. म्हणजे साधारण तीन हजार वर्षांमागे एक. फुकुशिमाचे तिन्ही गाभे मिळून एकच घटना धरली तरी पाच हजारांमागे एक. दहा हजारांत एक किंवा त्याहून कमी, असे सांगणाऱ्या मूल्यमापनांशी हे जुळत नाही. आक्षेपात तथ्य आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. चेर्नोबिलची भट्टी मुळातच वेगळ्या रचनेची होती, हे एका घटनेचे उत्तर झाले. फुकुशिमाचे तसे नाही. तिथे समुद्राच्या लाटेची अपेक्षित उंची ६ मीटरच्या आसपास धरली होती आणि मार्च २०११ च्या भूकंपानंतर आलेली लाट १४ ते १५ मीटरची होती. इसवी सन ८६९ मधील जोगान भूकंपाच्या लाटेच्या खुणा संशोधकांना ज्ञात होत्या आणि केंद्र चालवणाऱ्या कंपनीच्याच २००८ मधील एका गणिताने १५.७ मीटरचा आकडा दिला होता. केंद्रातल्या १३ आपत्कालीन डिझेल जनित्रांपैकी एकच वीज देत राहिले. जपानमधील तोवरच्या मूल्यमापनांचा भर केंद्राच्या आतल्या बिघाडांवर होता. लाटेला आणि अनेक भट्ट्या एकाच वेळी संकटात सापडण्याला त्यांत पुरेशी जागा नव्हती. फुकुशिमापासून घ्यायचा धडा असा की आकडा सांगताना त्यात काय धरले नाही हेही सांगणे बंधनकारक असले पाहिजे. १५.७ मीटरच्या गणितावर कृती झाली असती, तर ती उणीव दाखवणाऱ्या गणितावरची कृती झाली असती. पूर्ण खात्री होईपर्यंत थांबण्याची किंमत लाखाहून अधिक लोकांनी घरे सोडून मोजली.

दुसरा आक्षेप अनुभवी अभियंत्यांचा असतो: शक्यतांच्या नादी न लागता भरपूर गुंजाईश ठेवावी आणि जाणकारांच्या विवेकावर विसंबावे. जपानमधील ओनागावा केंद्र त्याच भूकंपाच्या केंद्राला फुकुशिमापेक्षा जवळ होते, तरी १४.८ मीटर उंचीवर बांधल्यामुळे सुमारे १३ मीटरच्या लाटेतून ते बचावले. तो विवेकच होता, आणि त्याचे मोल मी कमी लेखत नाही. पण विवेकही शक्यतेचा अंदाज करतच असतो, फक्त तो बोलून दाखवत नाही. मोठी नळी फुटण्याच्या कल्पनेत कित्येक वर्षे सगळी बुद्धी आणि पैसा खर्च झाला आणि छोटी झडप दुर्लक्षित राहिली, तो जाणकारांचाच विवेक होता. उघड मांडलेला अंदाज दुसऱ्याला तपासता येतो, त्यातली फांदी सुटली असेल तर दाखवता येते. मनात ठेवलेला अंदाज कुणालाच तपासता येत नाही. अमेरिकी नियामकाने १९९८ मध्ये जे मार्गदर्शक तत्त्व स्वीकारले ते मला योग्य वाटते: एकामागे एक असलेल्या संरक्षक फळ्या आणि पुरेशी गुंजाईश कायम ठेवून, नियम पाळून, जोखमीत होणारी वाढ अगदी लहान आहे ना हे पाहून आणि पुढे त्यावर नजर ठेवूनच बदलाला परवानगी द्यावी. तिथे आकडा अनेक साक्षीदारांपैकी एक असतो.

तिसरा आक्षेप जास्त सूक्ष्म आहे. दोन दिशांना दोन कसोट्या लावल्या तर नियम वाढतच जातील, बिनकामाच्या तपासण्यांत माणसे गुंतून पडतील आणि खऱ्या धोक्याकडे लक्ष द्यायला कुणी उरणार नाही. लक्ष आणि पैसा दोन्ही मर्यादित असतात, हे खरे आहे. सवलत कधीच देऊ नये, असे मी म्हणत नाही. सवलत मागणाऱ्याने केवळ हिशेब न देता प्रत्यक्ष तपासणीचा पुरावाही द्यावा, सवलतीमुळे कोणती फळी पातळ होते हे सांगावे आणि ती परत घेण्याची वाट उघडी ठेवावी, एवढीच अपेक्षा आहे. हा खर्च परवडणारा आहे. गाभा एकदा वितळला की तो निर्णय मागे घेता येत नाही, आणि ज्या निर्णयातली चूक दुरुस्त होत नाही त्याला अधिक पुरावा मागणे हाच किफायतीचा व्यवहार आहे.

मराठी वाचकाला हा विषय दूरचा नाही. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ पासून चालू लागल्या आणि त्यांची रचना फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीच्याच पिढीची आहे. २००५-०६ मध्ये त्यांचे मोठे नूतनीकरण झाले. त्याआधीच्या आढाव्यात संभाव्यताधारित मूल्यमापनही होते आणि दोन्ही भट्ट्यांत सामाईक असलेल्या काही यंत्रणा वेगळ्या करून आपत्कालीन विजेची सोय वाढवण्यात आली. नरोऱ्याचा आणि ब्राउन्स फेरीचा धडा तो हाच. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत कल्पाक्कमच्या अणुवीज केंद्राच्या पंपगृहात पाणी शिरले आणि चालू असलेली भट्टी सुरक्षितपणे बंद करावी लागली. जैतापूरला १,६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्यांची योजना आहे; त्या ज्या फ्रान्सकडून यायच्या आहेत, तिथल्या ब्लाये केंद्रात डिसेंबर १९९९ च्या वादळात पुराचे पाणी शिरून दोन भट्ट्यांच्या सुरक्षा-यंत्रणांना फटका बसला होता आणि त्यानंतर फ्रान्सला आपले पूरविषयक हिशेब नव्याने करावे लागले. जैतापूरच्या भूकंपप्रवणतेवर २०११ मध्ये रॉजर बिल्हॅम आणि विनोद गौर यांनी ‘करंट सायन्स’मध्ये प्रश्न उपस्थित केले, तेव्हा दोन्ही बाजूंनी ‘सुरक्षित’ आणि ‘असुरक्षित’ असे दोनच शब्द ऐकू आले. महाराष्ट्राला तरी या दोन शब्दांवर समाधान मानता येणार नाही. १९९३ मध्ये किल्लारीला भूकंप झाला तो त्या काळच्या नकाशावरील सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात. हजारो माणसे गेली आणि त्यानंतर तो पट्टाच नकाशावरून काढून टाकला गेला.

म्हणून पुढील प्रकरणे वाचताना वाचकाने एक आग्रह मनात ठेवावा. कुणी दहा लाखांत एक असे सांगितले की त्या आकड्याचा पट्टा किती रुंद आहे, कोणत्या घटना त्यात धरल्या नाहीत, कोणत्या यंत्रणा एकमेकांपासून स्वतंत्र मानल्या आणि कशाच्या जोरावर मानल्या, हे विचारावे. जो विरोधक शक्यतेची भाषाच नाकारतो, त्यालाही विचारावे की मग कोणती वाट आधी बंद करायची हे तो ठरवणार कसे. आपल्याकडे ही मूल्यमापने केली जातात, नियामक ती तपासतो; पण त्यांचे निष्कर्ष, गृहीतके आणि उणिवा नागरिकांपुढे फारच थोड्या येतात. अणुऊर्जा नियामक मंडळाने आणि केंद्र चालवणाऱ्यांनी सुरक्षेच्या दृष्टीने गोपनीय ठेवावा लागणारा भाग वगळून हे अहवाल प्रसिद्ध करावेत, शक्य तिथे केंद्राभोवतीच्या लोकांच्या भाषेत करावेत, आणि त्यांवर बाहेरच्या तज्ज्ञांनी केलेल्या टीकेला लेखी उत्तर द्यावे. जोखीम ज्यांच्या वाट्याला येते त्यांना तिचा हिशेब तपासता आला पाहिजे. तारापूर आणि जैतापूरच्या परिसरातील लोकांनी ही मागणी करावी, आणि उरलेल्या महाराष्ट्राने त्यांना साथ द्यावी.